खुन्नस मॅडम आणि सरांचा दुपट्टा

खुन्नस मॅडम रागावल्या की आवाज बारीक करायच्या. ओरडल्या तर समजायचं, माफ केलं. हे नाव कॉलेजच्या पोरींनी ठेवलेलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. "विसरणं मले जमत नाई," म्हणायच्या, "देवानं ती सोयच नाई ठेवली माझ्यात."

चंद्रपूरच्या एका फार्मसी कॉलेजात त्या दुखण्यावरचं औषध उंदरांवर तपासायच्या. मी तिथं पिंजरे धुवायची. आठवीत शाळा सुटलेली, गाव गोंडपिपरीकडं, आणि नोकरी जाईल ही धास्ती पोटात कायमची. उंदीर घ्यायचा तर मॅडम ओंजळ पुढं करून थांबायच्या. तो आपणहून चढला की मगच उचलायच्या. "पाहुण्याले शेपटी धरून कोणी घरात आणते का, बाई?"

उंदराला गरम तबकडीवर ठेवायचं, त्यानं पाय झटकला की लगेच उचलायचं. साध्या पाण्याचं इंजेक्शन दिलेला लवकर झटके, औषध दिलेला उशिरा. मॅडम करत तेव्हा हा फरक स्वच्छ दिसे. मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, स्वतः करून पाहिलं, तर दोघेही सारखेच उशिरा. सर सरळ माझ्याकडं वळले.

"पाण्याच्या बाटलीत औषध तूच टाकलं ना?"

"नाई जी सर."

"आठवी नापास बाईले इथी ठेवलं, हीच चूक झाली. महिना भरला की घरी जा."

मी नापास नव्हते, पण ते सांगायची हिंमत कुठली! मॅडम बारीक आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही हिची माफी मागाल." सर हसले. "काऊन हसून राह्यले? मागाल तुम्ही."

त्या दिवसापासून त्यांनी उंदीर सोडून सरांवर नजर ठेवली. सर उन्हातून घामाघूम येत आणि डोक्या-गळ्याला गुंडाळलेला दुपट्टा पिंजऱ्यांशेजारच्या खुंटीला अडकवत. अडकवला की पिंजरे गप्प. सगळे उंदीर कोपऱ्यात एकावर एक.

"वाघाचा वास आल्यावर चितळ थिजते ना, तसे," मॅडम मला म्हणाल्या. "भ्यायलेल्या जिवाले दुखणं कळत नाई. मग औषध असो का पाणी. तू काही नाई बिघडवलं, सरांनीच बिघडवलं, नुसतं येऊन. पण आता बोलू नको. तपासणीचे पाहुणे येऊ दे."

नागपूरहून तपासणीला एक मोठ्या बाई आल्या. सुया त्यांच्याच हातानं भरून घेतल्या. आधी मॅडमनी सरांना दाराबाहेर थांबवलं आणि खुंटीला बाजारातून आणलेला नवा कोरा दुपट्टा लावला. पाहुण्या बाईंनी तपासलं, फरक दिसला. मग मॅडम दारात जाऊन सरांना म्हणाल्या, "सर, तुमचा दुपट्टा द्या जरा."

सरांनी हसत दिला. थोडं थांबून दुसरे उंदीर काढले, तर फरक गायब.

"पुरुषाच्या घामाच्या वासानं भेतात हे," मॅडम बारीक आवाजात म्हणाल्या. "चोर बाटलीत नव्हता सर, तुमच्या गळ्यात होता. आता हिची माफी मागा."

सर जमिनीकडं बघून सॉरी म्हणाले.

"जमिनीले नाई. हिले."

माझ्या मनात एकच होतं, अजून एकदा म्हणायला लावा.

त्यानंतर तपासणी चालू असताना पुरुषांना आत बंदी झाली. उंदीर आता मी धरायची, ओंजळीनं. सर बाहेर उन्हात उभे राहून विचारत, "झालं का?" आतून मॅडम म्हणत, "थांबा जरा." पुष्कळदा सगळं केव्हाच आटोपलेलं असे. आम्ही उगाच बसून असू.

सरांनीही डाव साधला. पुढल्या वर्षी मॅडमची नेमणूक वाढवली नाही. पण जाण्याआधी मॅडमनी मला पुण्यात अशाच कामावर लावून दिलं. आज मी पोटभर जेवते ती त्यांच्यामुळं. बसस्टँडवर त्यांनी माझ्या हातात गाठ मारलेली एक पिशवी दिली. आत सरांचा दुपट्टा. तो त्यांनी परत केलाच नव्हता.

"धुऊ नको," एवढंच म्हणाल्या.

इथं माझ्या 'मले-तुले'ला लोक हसतात. ज्या दिवशी कोणी आवाज चढवतं, त्या दिवशी खोलीवर येऊन मी पेटी उघडते, पिशवी आहे ना बघते आणि बंद करते.

मॅडम गेल्याचं परवा फोनवर कळलं. सर अजून तिथंच आहेत म्हणे.

दुपट्टा मी धुतलेला नाही.