आबांनी दिलेली ओ

पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी सतरा वर्षं गेली. रिपोर्टमध्ये नाही ते नाहीच, असा माझा खाक्या. कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की मी तोंडावर हसते, सासूबाईंसमोरसुद्धा हसलेय. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण आता एकटीनं पोटात ठेवणं जमेना, म्हणून लिहितेय.

आम्ही बजाजनगरला राहतो. माझ्या नवऱ्याला, सतीशला, कंपनीची सुट्टी आठवड्याच्या मधेच येते. त्याचा त्याला कोण आनंद! रविवारी वेरूळला जाणारी माणसं वेगळी आणि आपण वेगळे, असा साहेबांचा तोरा. चटई, थर्मास, डबा घ्यायचा आणि कुठलातरी ओसाड डोंगर गाठायचा. तिथं एखादा माणूस दिसला तरी ह्यांना ती गर्दी वाटते.

दिवाळीनंतर एका सुट्टीला आम्ही आबांना बरोबर घेतलं. आबा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं मेंढरं राखणारं. आबांनी अर्धं आयुष्य कन्नडच्या डोंगरांत काढलं. आता पंचाहत्तरी ओलांडली, आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. पाय अजून खणखणीत आहेत, पण कान पार गेलेत. मशीन काढलं की त्यांच्या कानाशी ताट आपटलं तरी ते ढिम्म असतात. हे नीट लक्षात ठेवा.

जागा कन्नडच्या पुढची, गौताळ्याच्या अंगाची. खालच्या वस्तीवर गाडी लावली आणि पाऊण तास चढून पठारावर पोचलो. आबाच पुढं होते. पठाराच्या एका बाजूला झाडीचा सोपा उतार, तर दुसऱ्या बाजूला सरळ कडा. कमरेएवढं पिवळं गवत असल्यामुळे तो कडा जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. आसपास चिटपाखरू नव्हतं. सतीश अगदी खूश.

वर वारा भन्नाट होता. वाऱ्यात कानाचं मशीन शिट्ट्या मारतं, आबा वैतागले.

"काढ गं वंदू हे, डोस्कं उठलं माझं."

मी ते काढलं, बंद केलं, डबीत घातलं आणि डबी माझ्या पर्समध्ये टाकली.

भाकरी-पिठलं खाताना आबा रंगात आले. मी लहानपणी शंभरदा ऐकलेलं त्यांनी जावयाला सांगितलं. डोंगरात माणूस दिसेनासा झाला की हाळी द्यायची, म्हणजे लांबून जोरात हाक मारायची. ज्यानं ऐकली त्यानं ओ द्यायची. "पर ओ देणाऱ्यानं जागचं हलायचं नाय बरं का जावईबापू. हाळी देणारा त्याच्याकडं येतो. दोघंबी चालाय लागले की चुकामूक झालीच म्हनून समजा. मेंढरावाल्याचं पोर मरंल, पर हलणार नाय."

मग काठी घेऊन उठले. "मेंढरं बसवायचो ती जागा बघून येतो," म्हणाले आणि झाडीच्या बाजूनं निघाले. मी नको म्हणून हातवारे केले, पण त्यांनी पाठ फिरवली होती.

अर्धा तास झाला. साडेबाराचं ऊन, सावली पायाखाली आलेली. आबा दिसेनात. मी झाडीपर्यंत जाऊन आले, नाहीत. मग दोन्ही हात तोंडाशी धरून लहानपणासारखी हाळी दिली.

"आबाऽऽऽ!"

"ओऽऽऽ!"

लगेच आली. आबांचाच आवाज, तोच खालून वर चढणारा सूर. माझा जीव भांड्यात पडला. आवाज गवताकडून आला होता. सतीश म्हणाला, "तू थांब सामानापाशी, मी आणतो," आणि गवतात शिरला. मधूनमधून तोही "आबाऽऽ" करत होता आणि दरवेळी ओ येत होती... पण थोडी लांबून. पुन्हा हाक, पुन्हा ओ, आणखी लांबून.

आधी मला आबांचा रागच आला. जावयाला सांगतात हलू नको आणि स्वतः चाललेत! थकले असतील म्हणून पाण्याची बाटली शोधायला पर्समध्ये हात घातला आणि हाताला ती डबी लागली.

मशीन माझ्याकडे होतं.

मग आबांना हाळी ऐकू कशी येत होती? प्रतिध्वनी म्हणाल, तर प्रतिध्वनीनं "आबा" म्हणायला हवं होतं. ही ओ होती. आणि ती सतीशला गवतातून घेऊन चालली होती.

मी पळाले. ओरडायचं धाडस झालं नाही, मलाही ओ आली असती. काटे लागले, ओढणी तिथंच राहिली. सतीशचा निळा शर्ट दिसला तसा मागून दोन्ही मुठींत धरला आणि खाली बसले. तोही माझ्यावर आदळला.

"अगं काय करतेस! हे काय, इथंच तर आहेत, आत्ता—"

मी हातानं समोरचं गवत बाजूला केलं. दोन पावलांवर जमीन संपत होती. खालून वारा येत होता, आणि त्या वाऱ्यातून, जिथं उभं राहायला जागाच नाही तिथून, अगदी समोरून आवाज आला, "ओऽऽ."

कुणीच हाक मारली नव्हती.

सतीशचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही एकमेकांचा हात धरून मागं फिरलो. झाडीचा उतार झाडन् झाड शोधला. माझ्या मनात एकच होतं, आबाही अशाच कुठल्यातरी आवाजामागं गेले असले तर?

आबा सापडले. बऱ्याच खाली, एका अंजनाच्या झाडाला टेकून, काठी मांडीवर आडवी घेऊन बसले होते. मला रडूच फुटलं. त्यांच्या कानात मशीन बसवलं आणि ओरडलेच, "असं न सांगता बसायचं का इथं?"

आबांनी माझ्याकडे निरखून बघितलं. मग माझं मनगट चाचपलं.

"तूच हायेस न्हवं?" म्हणाले. "लई हाळ्या दिल्या तुला. तू ओ देत व्हतीस, पर लांब लांब चालली व्हतीस. माझी पोर अशी हलायची नाय. म्हनून म्या बसून घेतलं."

"आबा, मशीन माझ्याकडं होतं. तुम्ही ऐकलं कशानं?"

"कानानं. आनखी कशानं?"

आबांची एकही हाळी आम्हाला ऐकू आलेली नव्हती. आणि मी दिलेली हाळी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

घरी आल्यावर त्यांचे कान पुन्हा तपासले. मीच घेऊन गेले. रिपोर्ट जुन्यासारखाच आहे, मशीनशिवाय काही ऐकू येत नाही. सतीश आता सुट्टीला घरी झोपतो, डोंगराचं नाव काढत नाही. मी आबांना लांबून हाक मारत नाही, जवळ जाऊन खांद्याला हात लावते. सतरा वर्षं मी लोकांना त्यांचे रिपोर्ट हातात देत आलेय, पण हे मला वाचताच येत नाही.

लिहायला बसले ते परवामुळे. दुपारी साडेबाराच्या सुमारास मी ओट्याशी होते. आबांचं मशीन माझ्यासमोर चार्जिंगला लावलेलं. बाहेरच्या खोलीतून आबांनी ओ दिली. मोठ्यांदा, डोंगरातल्यासारखी.

मी हाक मारलेली नव्हती. घरात आम्ही दोघंच होतो. धावत गेले तर आबा पलंगावर ताठ बसलेले, काठी मांडीवर आडवी, नजर उघड्या दाराकडे. मी पटकन दार लोटून कडी घातली.

आबांनी मान हलवली.

"असू दे वंदू, उघड ते," म्हणाले. "ओ दिलीय म्या."