राइनाकाकू लॅपटॉप घेतात

एकोणीस वर्षं मी बल्गेरियातल्या विदिनमध्ये एका दुकानात लॅपटॉप विकतोय. गिऱ्हाईक काय विचारणार ते मला दारातच कळतं, आणि आता त्याचाच कंटाळा आलाय. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी राइनाकाकू आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "ओग्न्यान, फोटोचं काम नीट झालं पाहिजे आणि थोडं खेळता आलं पाहिजे. तुझी नेहमीची पोपटपंची नको."

राइना व्लाएवा आमच्या गावच्या फोटोग्राफर. एके काळी लग्नं, बालवाडीतली पोरं, सैन्यात निघालेले तरुण, सगळे त्यांच्याच कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. मग पोरं परदेशी गेली, त्यांची लग्नंही तिकडेच होऊ लागली, आणि काकूंकडे उरले ते गेलेल्यांचे कागद. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर, खांबावर, बसथांब्यावर लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा. गाव ओस पडलंय, खांब मात्र भरलेले असतात.

या कागदांनी काकूंचा जीव मेटाकुटीला आला होता. एकट्याचा धड फोटो कुणाकडेच नसतो. घरचे लोक आणून देतात ते कुणाच्या तरी लग्नातले, जेवणाच्या टेबलावरचे फोटो. त्यातला एक चेहरा कापायचा, हातातला ग्लास काढायचा, गळ्यात टाय घालायचा.

"आणि प्रत्येकाच्या खांद्यावर कुणाचा तरी हात असतो रे," काकू म्हणाल्या. "तो पुसायचा. अकरा वर्षं मी हात पुसतेय. थकले आता."

त्यात जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनचे रंग बिघडलेले. मागच्या महिन्यात त्यांनी एकाच्या गालावरचा तीळ डाग समजून काढून टाकला, तर त्याच्या बायकोनं कागद परत आणला. म्हणाली, हा माझा नवरा नव्हे.

"आणि खेळायचं काय?" मी विचारलं.

खेळ होता कालोयानचा. हा काकूंचा मुलगा, स्पेनमध्ये ट्रक चालवतो. आठवडाभर खरा ट्रक हाकून रविवारी दुपारी तो घरी बसून कंप्युटरवर ट्रक चालवतो, आणि काकू दुसरा ट्रक घेऊन त्याच्या मागे असतात. कानाला हेडफोन, तोंडानं गप्पा. सहा वर्षांत तो गावी आलेला नाही. फोनवर दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणतो, पण ट्रक चालवताना तासभर बोलतो. आता काकूंचा लॅपटॉप अडखळायचा आणि त्यांचा ट्रक मागे राहायचा.

"परवा म्हणाला, आई, राहू दे आता हे. किती थांबायचं दर वळणावर?" काकू म्हणाल्या. "लॅपटॉप बदलला नाही तर माझा रविवार गेला."

त्यांना परवडतील असे दोनच होते. एकाचे रंग अगदी खरे, पण खेळ त्यावरही अडखळला असता. दुसऱ्यात ग्राफिक्स कार्ड चांगलं, पण स्क्रीन भडक. मी रॅमबद्दल बोलायला लागलो तशी काकूंनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

"यात तुझ्या वडिलांचा फोटो आहे. त्यांचा चेहरा तुला पाठ. कुठल्या स्क्रीनवर ते जसेच्या तसे दिसतात, सांग."

बाबांना जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. दुकानाच्या टेबलावर बापाला असं मांडून ठेवलेलं मला मुळीच आवडलं नाही, पण काकूंना नाही कोण म्हणणार. पहिल्या स्क्रीनवर बाबा होते तसे होते. सिगारेटनं पिवळी पडलेली मिशी, शेवटच्या वर्षातला तो राखाडी रंग. हा मूळ फोटो होता, म्हणून खांद्यावरचा हातही जागेवर होता. तो हात माझा. दुसऱ्या स्क्रीनवर तेच बाबा गुलाबी झाले होते, समुद्रावर आठवडा घालवून आल्यासारखे.

"हे खरे," मी पहिल्याकडे बोट दाखवलं.

काकूंनी एकदा बाबांकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "तो दुसरा बांधून दे."

"काकू, मी आत्ताच काय सांगितलं?"

"ऐकलं ना. हे गेलेले लोक थांबतात. कालोयान थांबणार नाही. मी दर मंगळवारी येऊन चेहरे तुझ्या या पहिल्यावर बघून जाईन. हा विकायचा नाही."

"आणि मालक काय म्हणेल?"

"मालकाची आई चौऱ्याऐंशीची आहे. काही म्हणणार नाही."

मालक खरंच काही म्हणाला नाही. तेव्हापासून दर मंगळवारी काकू येतात, पेनड्राइव्ह लावतात आणि मला हाक मारतात. मी माझं काम सोडून जातो आणि सांगतो, याचं नाक जरा लाल असू दे, हिच्या कपाळावरची खूण घालवू नका. दुकान आहे की स्मशान, असं मी पुटपुटतो. त्या ऐकून घेतात.

फेब्रुवारीत एका मंगळवारी त्या चीज भरलेली बानित्सा घेऊन आल्या. घरची, अजून गरम.

"या रविवारी थेट विदिनपर्यंत आलो," त्या म्हणाल्या. "एकदाही मागे पडले नाही. पूल ओलांडला, त्यानं आपल्या नदीकाठी ट्रक लावला, मी त्याच्यामागे लावला."

"मग?"

"मी म्हटलं, एवढा आलायस तर उतर, वर ये, चार घास खाऊन जा."

त्यांनी पेनड्राइव्ह लावला आणि त्या दिवसाचा चेहरा उघडायची वाट बघत बसल्या.

"तर म्हणाला, आई, या खेळात ट्रकमधून उतरता येत नाही."