गिरजाच्या पेट्यांचं माप

सख्यांनो,

आज फळ्या आल्या, दीड रुपया. खिळे चार आणे. कापूस तेजीत आल्यापासून सुतारही महागला, तरी गिरजाच्या खोलीत बाहुल्या आणि भातुकली ठेवायला दोन पेट्या करायला घेतल्या.

सुतारकाका म्हणाले, "बाई, पोरगी तं गेल्या सालीच बाळापूरले सासरी गेली. मंग ह्या पेट्या कोणाले?"

"दिवाळीले येईल ना! तिचा हात तळाशी पुरला पाहिजे."

"केवढी हाये?"

मी कमरेशी हात धरला. ते हसले, "हे तं गेल्या सालचं माप झालं, बाई!"

माझा हात तसाच राहिला. देवापुढे बसले तरी तेच मनात, लेक आता केवढी दिसत असेल?

बाळापूरच्या ताई, तुम्ही तिच्या सासरच्याच गावी राहता, तर तिच्या उंचीएवढा दोरा कापून उलट टपाली पाठवा. तोवर फळ्यांना करवत लावू देत नाही.