छातीवरचं नाव

आमच्या माडीवरच्या खोलीत महिन्यातून एकदा कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारी मुलं जमायची. नोकरी सांभाळून, हौसेनं एकमेकांना शिकवायची. आल्याआल्या प्रत्येकानं आपलं नाव चिठ्ठीवर लिहून छातीवर चिकटवायचं, अशी त्यांची रीत.

आज चहा घेऊन वर गेले, तर खुर्च्या मांडलेल्या आणि मेघना एकटीच. सगळ्यांना जमवणारी ती हीच पोर. कुर्त्यावर नाव मात्र चिकटवलेलं.

"कुणीच नाही गं?"

"फोनवर सगळे येतो म्हणाले होते, काकू. मागच्या वेळीही म्हणाले होते. आता बंदच करते. ही तुमच्या खोलीची किल्ली."

वाचायला कुणी नसताना नाव लावून बसणं काय असतं, ते मला विचारा. हे गेल्यापासून मी कुणाची काकू, कुणाची आजी. नाव आपलं असलं तरी ते जगतं दुसऱ्याच्या तोंडी.

म्हटलं, "मलाही एक चिठ्ठी दे. सुमती लिही."

"अय्या, तुमचं नाव सुमती?"

तिनंच ती माझ्या पदरावर चिकटवली. गार झालेला चहा आम्ही दोघींनी घेतला, खुर्च्या मिटल्या.

जिना उतरताना ती म्हणाली, "येते हं, सुमतीकाकू."

तिनं परत केलेली किल्ली माझ्या मुठीत होती.