पाटीकाकांची तिसरी चाचणी

आमचे काका रक्त तपासायच्या लॅबमध्ये बावीस वर्षं आहेत. तिथं त्यांना सगळे पाटीकाका म्हणतात, अर्थात पाठीमागे, कारण भिंत दिसली की ते पाटी लावतात. सिंकवर पाटी, फ्रिजवर पाटी. सगळ्यात मोठी सुयांच्या डब्यावर: 'वापरलेल्या सुईला टोपण लावणाऱ्यास डोके नाही असे समजण्यात येईल.' बोलतातही तसंच, नाकातून, प्रत्येक शब्दाखाली रेघ मारल्यासारखं.

गेल्या वर्षी त्यांच्या हाताखालच्या ताईला सुई टोचली. तिनं लगेच सांगितलं, एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून महिनाभर गोळ्या घेतल्या, काही झालं नाही. झालं ते एवढंच, की काकांनी तिला सगळ्यांसमोर ती पाटी तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा तिला रडू फुटलं, तर म्हणाले, "स्पष्ट वाच, मागे ऐकू येत नाही." घरी जेवताना त्यांनी त्या रडण्याची नक्कल केली. फर्मास जमली होती, आम्ही पोट धरून हसलो.

यंदा काकांनीच टोपण लावलं. डबा गच्च भरलेला, एका हातात फोन, फोनवर कुणाला तरी झापणं चालू. सुई अंगठ्यात घुसली. नळीवरचा नंबर ताडून पाहिला, तर रक्त एचआयव्हीच्या पेशंटचं. गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू करायच्या असतात, हे काका अख्ख्या लॅबला ऐकवत आलेले. पण गोळ्या हव्यात तर नोंद हवी, आणि नोंदवही ताईकडे. काकांनी अंगठा धुतला, पट्टी लावली आणि काकूला सांगितलं, दारात चेमटला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी ते शीळ घालत दाढी करत होते म्हणे. आता सांगून उपयोगच नव्हता, म्हणजे सांगायची कटकट मिटली.

तिसऱ्या आठवड्यात ताप आला, घसा धरला, अंगावर पुरळ उठलं. काकू म्हणाली, झोपा अजून पंख्याखाली. काकांनी स्वतःचं रक्त काढलं, नळीवर भलताच नंबर चिकटवला आणि इतर नळ्यांत सरकवून दिली. पहिली, स्क्रीनिंगची चाचणी पॉझिटिव्ह. खात्रीची दुसरी निगेटिव्ह.

"सर, पहिली उगाच पॉझिटिव्ह आली वाटतं," ताई म्हणाली. "निगेटिव्ह म्हणून सोडू?"

सोडता आलं असतं. पण पहिल्या चाचणीला विषाणूचा तुकडाही दिसतो. दुसरीला दिसतं फक्त शरीरानं त्याच्याविरुद्ध उभं केलेलं सैन्य, आणि ते उभं राहायला वेळ लागतो. नुकतीच लागण झालेला माणूस नेमका या दोन चाचण्यांच्या मध्ये सापडतो. काकांनी हे सगळ्यांकडून इतकं घोकून घेतलं होतं, की ताईनंच स्वतःला दुरुस्त केलं. थेट विषाणू शोधणारी तिसरी चाचणी बाहेर पाठवावी लागेल म्हणाली, आणि फॉर्मवर पेशंटचं नाव लागेल.

काकांनी स्वतःचं सांगितलं.

ताईनं मान वर केली नाही. वय लिहिलं, पत्ता लिहिला, सुई टोचल्याची तारीख लिहिली. गोळ्या घेतल्या का? नाही. फॉर्मवर पुढचा रकाना वेगळाच होता, पण तिनं का नाही घेतल्या ते विचारलं आणि पेन उघडं धरून बसली.

"तुला सांगावं लागलं असतं," काका म्हणाले.

तिनं ते शेऱ्याच्या जागेत लिहून टाकलं. शब्दाला शब्द.

तिसरी पॉझिटिव्ह आली. गोळ्या सुरू झाल्या, रोज एक, जन्मभर. त्या घेऊन माणूस धडधाकट जगतो, असं काका हजारो पेशंटना सांगत आलेत.

मग काकूला सगळं सांगितलं, आणि तिलाही लागण झाली असू शकते म्हणून लॅबमध्ये आणलं. रक्त ताईनं काढलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. काकू हसली, पर्स उचलली. तेव्हा काकांना सांगावंच लागलं, की हे आजचं झालं, सहा आठवड्यांनी परत तपासायचं, तोवर काही खरं नाही.

"त्या तीन दिवसांत गोळ्या घेतल्या असत्या, तर माझ्यावर ही वेळ आली असती?" काकूनं विचारलं.

काकांनी नाही म्हटलं. नाकातून आलं नाही, कुठूनच नीट आलं नाही.

काकू ताईकडे वळली आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख लिहून घेतली. काकांना म्हणाली, "तुम्ही येऊ नका. मी हिच्याकडे येईन."