रुचाचं इंटरनॅशनल टुरिझम आणि माझे शुक्रवार

आमच्या रुचाने बारावीनंतर इंटरनॅशनल टुरिझमच्या डिग्रीला प्रवेश घेतला, त्या संध्याकाळी निरांजन लावता लावता मी जिवतीला बोलून गेले, "आई, पोरगी पास होईपर्यंत श्रावणात दर शुक्रवारी एक सवाष्ण जेवू घालीन, आणि तीसुद्धा अनोळखी." ओळखीच्या काय, बोलावलं नाही तरी येतात.

तेव्हापासून पुण्य किती साठलं ते देवीला ठाऊक. किस्से मात्र साठत गेले. भिशीत एक सांगायला घेतला की दुसरा आपोआप मागे येतो, तसेच इथे लिहिते.

*

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या कॉलेजच्या माहितीपत्रकावर परदेशातला एक उंच मनोरा होता. प्रवेशाच्या वेळी आमच्या ह्यांनी विभागप्रमुख देवरे सरांना सहज विचारलं, "सर, तुम्ही कुठकुठले देश पाहिलेत?"

सर म्हणाले, "डिपार्टमेंट सोडून जाता येत नाही हो."

पहिल्याच वर्षी पासपोर्ट मात्र कंपल्सरी. चौकशीला हवालदार घरी आले. "कुठं निघाली बेटा?"

"कुठेच नाही काका. सबमिशन आहे."

त्यांनी चहा संपेपर्यंत माझ्याकडेच संशयाने पाहिलं.

*

एअरलाइनचं प्रॅक्टिकल वर्गातच व्हायचं. बाकं दोन-दोन करून मध्ये वाट ठेवायची, झालं विमान. रुचा हवाईसुंदरी, सर पायलट. एकदा विमान असं भरात आलेलं असताना शिपाईमामांनी दार उघडलं. "सर, प्रिन्सिपल मॅडम बोलावतायत."

"मामा, आत्ता आपण दुबईवर आहोत."

"असू द्या. मॅडम जिन्यात उभ्या आहेत."

विमान तिथल्या तिथे उतरलं.

*

दुसऱ्या वर्षी पाहुण्यांशी कसं बोलावं हा विषय होता आणि सरावाला आम्ही. हे सातपूरहून ड्यूटी करून दमून आले की रुचा दारात हात जोडून हसायची. "वेलकम सर, प्रवास कसा झाला?"

"पपया नर्सरीच्या सिग्नलला अर्धा तास अडकलो. बाजूला हो."

मग जेवताना, "सर, भाजीबद्दल आपला फीडबॅक?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, भाजीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला इथेच राहायचंय गं बाई."

*

परदेश अभ्यासाची सहल विंचूरला गेली, वाइन पार्कात. मी डब्यात थालीपीठं दिली. पोरगी परत आली तेव्हा आधी तिच्या तोंडाचा वास घेतला. म्हणाली, "आई, प्यायची नसते. फिरवायची, हुंगायची, तोंडात घोळवायची आणि थुंकायची."

"थुंकायची होती तर तोंडात घेतली कशाला?"

"मार्क त्यालाच आहेत."

तिच्या वर्गातला संदीप लासलगावकडचा. त्याने घरी हेच सांगितलं तर त्याचे आजोबा म्हणाले, "आमी गिळीत गेलो, म्हून आमाला कोनी मार्क दिलं नाय."

*

हसू नका, पुढे हसण्यासारखं नव्हतं. शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल असं, की प्रत्येकाने एक खराखुरा परदेशी पाहुणा स्वतः शोधायचा, त्याला नाशिक दाखवायचं, आणि शेवटी तो बाहेरून आलेल्या परीक्षकांना आपलं मत सांगणार. पाहुणा नाही तर डिग्री नाही. एका ट्रॅव्हल कंपनीने रुचाला नोकरी कबूल केली होती, पण डिग्री हातात आल्यावर. आणि हे प्रॅक्टिकल आलं ऐन श्रावणात. धो धो पावसात गोरा माणूस आणायचा कुठून?

सगळा वर्ग रामकुंडावर छत्र्या घेऊन उभा. एक दाढीवाले गोरे गृहस्थ दिसले, तशी रुचा सगळ्यांच्या आधी पोचली आणि पाठ केलेलं इंग्रजी स्वागत घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चक्क मराठीत म्हणाले, "बाळा, मी पंचवटीतच राहतो. मागच्या वर्षीही तुमच्याच कॉलेजने मला हा घाट दाखवला."

पोरगी त्या रात्री जेवली नाही. मी जिवतीसमोर बसले, पण काही मागितलं नाही. नवस एकदा बोलला की रोज आठवण करून द्यायची नसते.

*

प्रॅक्टिकलचा शेवटचा दिवस शुक्रवारच होता. पुरण शिजलं होतं, पण अनोळखी सवाष्ण काही मिळेना. इतक्या वर्षांत आमच्या भागातल्या सगळ्याच जेवून ओळखीच्या झाल्या होत्या. बारा वाजत आले आणि दारात रुचा, मागे भिजलेली एक गोरी बाई. त्र्यंबकच्या बसमधून उतरताना सापडली होती. लेणी, वाइनरी, घाट असा सगळा बेत ठरला होता. रुचा फक्त विसरलेलं ओळखपत्र घ्यायला आली होती.

"हिला नवरा आहे का विचार."

"आई, पाहुण्यांना खासगी प्रश्न विचारायचे नसतात. मार्क जातात."

"जाऊ देत. विचार."

रुचाने लाजत विचारलं. बाईंनी दोन बोटं वर केली. एक आधीचा, एक आत्ताचा.

"दोघेही आहेत ना?"

"दोघेही ठणठणीत आहेत म्हणते."

मी पाट मांडला. हळदीकुंकू लावलं, पुरणपोळीवर तूप सोडलं. ती नको म्हणायची तो शब्द मला कळत नव्हता, म्हणून वाढत गेले. ओटी भरून होते न होते तोच बाई सतरंजीवर आडव्या झाल्या आणि गाढ झोपल्या.

"आई, उठव तिला."

"तूच उठव."

"मी नाही उठवू शकत. पाहुण्यांना घाई केली की नापास."

लेणी गेली, वाइनरी गेली, घाटही गेला. रुचा रडत होती. शेवटी देवरे सर आणि परीक्षक मॅडम शोधत शोधत घरीच आले. आवाजाने पाहुणी उठली. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "नाशिकमध्ये आपण काय काय पाहिलंत?"

बाईंनी जरा आठवून बघितलं. "पंखा," म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट केलं. "आणि ह्या. सारख्या येत होत्या."

"पुन्हा नाशिकला याल?"

"अजून गेले कुठे?"

सरांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी पेन बंद केलं, चप्पल दाराबाहेर नेऊन काढली आणि मला मराठीत हळूच विचारलं, "ताई, पुरण उरलंय का?"

रुचा आता त्या कंपनीत आहे. माझा नवस फिटला, तरी शुक्रवार मी सोडलेला नाही. तुम्हीसुद्धा या श्रावणात एक तरी शुक्रवार धरा. पाट मांडा, जी अनोळखी बाई दारात येईल तिला बसवा. नवरे मोजू नका.