स्तोत्रातले सारस

केशवराव मास्तर समोरून आले तर आनंदाबाई वाट सोडत नसे. वाट त्यांनी सोडावी, असं तिचं म्हणणं. मास्तरही असे, की धोतर चिखलात गेलं तरी चालेल पण त्या बाईला सलाम घालावा लागू नये, म्हणून सरळ शेताच्या धुऱ्यावरून खाली भाताच्या बांधीत उतरत. लाखनीपासून सात मैलांवरच्या त्या गावात ख्रिस्ती घरं सगळी मिळून नऊ. नऊ घरांत प्रार्थनेची एक खोली, कौलारू, शेणानं सारवलेली. ती सारवायची आनंदाबाईनं, आणि तिच्यात पुढं उभं राहून बोलायचं मास्तरांनी. दर रविवारी दोघं एकाच देवापुढं हात जोडत आणि एकमेकांकडे बघत नसत.

वैराचं मूळ तसं लहान. एकाहत्तर साली मास्तर वर्धेकडून मिशनच्या शाळेवर आले, तेव्हा मंडळीचा कारभारही त्यांच्याकडेच आला. पहिल्याच उपासनेला त्यांनी बायांच्या हातात पुस्तकं दिली आणि स्तोत्र काढायला सांगितलं. आनंदाबाईनं पुस्तक उलटं धरलं. तिला वाचता येत नव्हतं, आणि ते तिनं कधी लपवलंही नव्हतं. मास्तर हसले. नुसते हसले असते तरी निभलं असतं, पण वर म्हणाले, "या बाई देवाला डोक्यावर उभा करून वाचणार." सगळी खोली हसली. आनंदाबाईचा नवरा गोमाजी जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. तिनं पुस्तक मिटलं, जमिनीवर ठेवलं. त्या दिवसापासून मास्तरांसाठी तिच्या तोंडात गोड शब्द उरला नाही.

ती काही गरीब गाय नव्हती. मास्तर गीत म्हणू लागले की शेजारणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायची, कोणाचं रेडकू हरवलं का. मास्तर उपदेशात म्हणायचे की काही लोकांना देवाच्या वचनापेक्षा स्वतःची जीभ प्यारी असते, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघायचे. खिडकीखाली आनंदाबाई बसलेली असायची.

वाचता येत नसलं तरी चाळीसेक स्तोत्रं तिला तोंडपाठ होती. ती तिला सत्यभामाबाईनं दिली. सत्यभामाबाई मिशनची बायबलबाई. गावोगाव पायी फिरून बायांना वचन सांगायचं, हे तिचं काम. पण रोवणीच्या दिवसांत बायांना वचन ऐकायला सवड कुठली? तेव्हा ती लुगडं खोचून स्वतःच बांधीत उतरायची, हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांची, पेंढी घ्यायची, आणि रोप चिखलात रोवता रोवता ओळ सांगायची. पुढचं रोप, पुढची ओळ. पंधरा वर्षांची आनंदा तिच्या बाजूला वाकलेली असायची. रांग संपली की स्तोत्र संपायचं, आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बांधीत पुन्हा.

त्यांतलं सृष्टीचं मोठं स्तोत्र आनंदाबाईचं सगळ्यांत जवळचं. सकाळी कामाला जाताना ती तलावाच्या पाळीवर थांबायची आणि ते म्हणायची. घाईत नाही. उजेड पांघरून बसलेल्या देवाची ओळ म्हणायची आणि पाण्यावर पसरलेल्या उजेडाकडे बघत राहायची. मग पुढची. धुऱ्यावर जोडीनं फिरणाऱ्या सारसांना ज्यानं घर दिलं, डोंगरातल्या रोह्यांना, त्या नीलगायींना, ज्यानं झरा दाखवला, माणसाला भात आणि तोंडाला लावायला जवसाचं तेल दिलं, तो केवढा असेल, याचा विचार करायची. विचार पुरा व्हायचा नाही. पुरा होत नाही म्हणूनच तो देव, असं तिचं मत होतं. गोमाजी गेला तेव्हा नऊ घरांतलं कोणाचं बोलणं तिला पुरलं नाही. ह्या पाळीवरच्या उभं राहण्यानं ती तगली.

मंडळीत एक रीत होती. धान निघालं की एका रविवारी कापणीचा सण व्हायचा. ज्याच्या घरी जे पिकलं त्यातलं पहिलं तो आणून पुढं ठेवायचा. कोणी धानाची पेंढी, कोणी भोपळा, कोणी कोंबडी. त्या राशीपुढं एका बाईनं उभं राहून हे स्तोत्र पुस्तकाशिवाय म्हणायचं. आधी सत्यभामाबाई म्हणायची. अडुसष्टात ती गेली, तेव्हापासून आनंदाबाई. मास्तर दरवर्षी त्या सुमाराला दिवाळीच्या सुट्टीत वर्धेला असायचे. सत्त्याहत्तर साली मात्र उशिरा पिकणारं भारी धान आणखीच उशिरा हाती आलं, सण डिसेंबरात गेला, आणि मास्तर पुस्तक उघडून पहिल्या ओळीत बसले.

आनंदाबाई उभी राहिली. निम्म्यापर्यंत आली. मास्तरांचं बोट ओळींवरून चाललं होतं, ते थबकलं, मागं गेलं, पुन्हा पुढं आलं.

"थांबा," ते म्हणाले. "हे सारस कुठून आणले?"

"मी कायले आणू? देवानं आणले."

"पुस्तकात सारस नाहीत."

"पुस्तक सरळ धरून पाहा मास्तर."

मागं कोणीतरी खुदकलं. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी उभं राहून पुस्तकातलं वाचून दाखवलं. तिथं सारस नव्हते, करकोचे होते. साग नव्हता, लबानोन नावाच्या दूरदेशीच्या डोंगरावरचे गंधसरू होते. रोही नव्हते, रानबकरे होते. भात नव्हता, भाकर होती. आणि मन हरखावं म्हणून देवानं मोहाचं फूल दिलं असं जे ही बाई इतकी वर्षं म्हणते, ते कशाबद्दल आहे हे मंडळीनं ओळखावं. देवाच्या घरात मोहाच्या दारूची स्तुती चालली आहे.

"मंग पुस्तकात काय लिहून आहे? ताक?" आनंदाबाईनं विचारलं.

मास्तरांना द्राक्षारस म्हणावं लागलं. तेव्हा लोक उघड हसले, आणि ते हसणं मास्तरांच्या फार वर्मी लागलं. ते हळू आवाजात बोलू लागले, तेच वाईट झालं. म्हणाले, देवाच्या वचनात आपल्या पदरचं घालणं हे पाप आहे. आनंदाबाई अडाणी आहे, तिला दोष नाही. दोष शिकवणारीचा. सत्यभामाबाईनं पंचवीस वर्षं गावोगाव खोटं वचन पेरलं. फेब्रुवारीत दौऱ्यावरचे पाळकसाहेब येतील, तोवर आनंदाबाईनं उपासनेत तोंड उघडू नये आणि प्रभुभोजनाला बसू नये.

लोक उठून चपला शोधू लागले. पोरं मास्तरांच्याच शाळेत होती.

घरी येऊन आनंदाबाईनं धाकट्या जावेला, बेबीबाईला, समोर बसवलं. बेबीबाई चौथीपर्यंत शिकलेली. आनंदाबाईनं पुस्तक पुढं केलं, ते स्तोत्र वाच म्हणाली. बेबीबाईनं बोट ठेवत ठेवत सगळं वाचलं. सारस नव्हतेच.

"बाई, मास्तर खरं सांगून राहिले," बेबीबाई घाबरत म्हणाली.

आनंदाबाई तिच्यावर डाफरली, की त्यानं खरं सांगितलं म्हणून तो चांगला होत नाही. पण मास्तरांचा राग एकवेळ पचला असता. सत्यभामाबाईचा आला, तो पचेना. आईसारखं जिला मानलं तिनं फसवलं. काहून? दुसऱ्या दिवशी ती पाळीवर थांबली आणि पहिलीच ओळ अडली. ही देवाची का सत्यभामाबाईची? धुऱ्यावर सारसांची जोडी चरत होती. ते पुस्तकात नव्हते, म्हणजे आता ते नुसते पक्षी होते. ती तशीच कामावर गेली. मग थांबणंच सोडलं. तीस वर्षांत पहिल्यांदा तिची सकाळ मुकी झाली.

मुक्या माणसाला राग सोबत करतो. तिनं ठरवलं, पुस्तकातलं अक्षर न् अक्षर पाठ करायचं, पाळकसाहेबांपुढं घडाघडा म्हणायचं आणि मास्तरांचं नाक कापायचं. रोज भांडी झाली की बेबीबाई वाचायची आणि ती मागून म्हणायची. गंधसरू म्हणजे काय, बेबीबाईला ठाऊक नव्हतं. आनंदाबाई म्हणे, असेल काहीतरी, पुढं वाच. अशी ती शेवटाला पोचली, आणि तिथं सत्यभामाबाईनं कधीच न शिकवलेली एक ओळ निघाली. पृथ्वीवरून पापी नाहीसे होवोत, दुष्ट उरू नयेत, अशा अर्थाची. आनंदाबाईनं ती तीनदा वाचून घेतली. सत्यभामाबाईनं सारस घातले होते, आणि हे काढलं होतं. ते का, याचा विचार तिनं तेव्हा केला नाही. तिला ओळ आवडली. ती म्हणताना कोणाकडे बघायचं हे पक्कं झालं.

फेब्रुवारीत पाळकसाहेब आले. खोली भरली. मास्तरांनी तक्रार मांडली, साहेबांनी आनंदाबाईला विचारलं, आणि ती उभी राहून स्तोत्र म्हणू लागली. गंधसरू आले, करकोचे आले, रानबकरे आले. एक शब्द इकडचा तिकडं नाही. लोक तोंडाकडे बघत राहिले. मास्तरांचं बोट नुसतं पळत होतं. ती जिंकत होती, आणि तिला काहीच वाटत नव्हतं. तोंडात खडे घेऊन बोलावं तसं वाटत होतं.

समुद्राच्या ओळीशी ती थांबली.

"समुद्र," मास्तर पुढचा शब्द सुचवल्यासारखे म्हणाले. आवाजात आनंद होता. "विसरल्या वाटतं."

"इसरली नाई. मास्तर, तुमी समुद्र पाह्यला का?"

पाळकसाहेबांनी मास्तरांकडे पाहिलं, तसे ते म्हणाले की प्रश्न पाहण्याचा नाही, वचनाचा आहे.

"मीबी नाई पाह्यला. पाह्यला नाई, तर त्याच्यावरून देव केवढा हे मी कसं सांगू? खोटं होईल ते. मी तलाव पाह्यला. त्याच्यावरून मले समजते." मग ती साहेबांकडे वळली. "सत्यभामाबाईनं मले चिखलात उभं करून देव दाखवला साहेब. लबानोनात उभं केलं असतं तर मी रोवणी टाकून तिकडं गेली नसती."

आणि पुढचं तिनं सत्यभामाबाईचं म्हटलं. समुद्राच्या जागी तलाव, जहाजांच्या जागी डोंगे, आणि पाण्यातल्या त्या अजस्र प्राण्याच्या जागी मोठी मरळ, जी देवानं पोट भरायला नाही, नुसती पाण्यात खेळायला म्हणून घडवली. मरळीची ओळ म्हणताना अडीच महिन्यांनी तिचा गळा सुटला. एवढा मोठा देव आणि त्याला मासा खेळवायला सवड आहे, हा विचार पूर्वीसारखाच अर्ध्यात राहिला, पुरा झाला नाही.

शेवटची ओळ जवळ आली. मास्तरांचं बोट त्या ओळीवर जाऊन थांबलं होतं. ती येणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि ती कोणासाठी आहे हेही. त्यांनी मान खाली घातली. आनंदाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. इतके दिवस घोटलेली ओळ जिभेवर तयार होती. पण मरळीनंतर मास्तर फार लहान दिसत होते, आणि आपली अडीच महिन्यांची तयारी त्याहून लहान. सत्यभामाबाईनं ही ओळ का गाळली असेल ते तिला थोडं कळलं. देवाला धन्य म्हणून ती खाली बसली.

"एक ओळ राहिली," मास्तर म्हणाले. सवय जाते कुठं?

"मग तुम्ही वाचा," पाळकसाहेब म्हणाले.

मास्तरांना उभं राहून ती वाचावी लागली. पापी आणि दुष्ट हे शब्द त्यांनी पुटपुटत उरकले. आमेन म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

निवाडा मात्र मास्तरांच्या बाजूनंच झाला. साहेब म्हणाले, बाईंचं प्रभुभोजन बंद ठेवायचं कारण नाही. पण उपासनेत म्हणायचं ते पुस्तकातलंच. कापणीचं स्तोत्र यापुढं मास्तर वाचतील. आनंदाबाई म्हणाली, वाचू द्या. प्रभुभोजनाची भाकर घेतली, प्याला घेतला, आणि निघाली. दारात मास्तर उभे होते. सरका म्हणाली. ते सरकले.

ती तलावाच्या पाळीवर गेली. पाणी आटून मधे आलं होतं आणि कडेच्या गाळात सारसांची जोडी चोच घालत होती. तिनं स्तोत्र पहिल्यापासून म्हटलं. सागापाशी थांबली, मोहापाशी थांबली, भातापाशी थांबली. देव किती प्रकारची जितराबं घडवून बसला आहे, आणि एकालाही उपाशी ठेवत नाही, एवढं म्हणून झाल्यावर तिनं स्वतःच्या पदरची एक ओळ घातली. सत्यभामाबाईची नाही, पुस्तकातली नाही.

"आन मास्तरलेबी तूनंच घडवलं. कायले घडवलं, ते तुले ठाऊक."

त्र्याऐंशी साली मास्तरांची बदली झाली. सगळी मंडळी एसटीपर्यंत पोचवायला गेली. आनंदाबाई गेली नाही, तिची रोवणी चालू होती. पण मास्तरांची ती ओळ तिनं स्तोत्रातून काढली नाही. रोवणीत नव्या पोरींना स्तोत्र सांगताना मरळीच्या मागून तीही सांगायची. एखादी पोरगी विचारायची, हा मास्तर कोण म्हणून.

"होता एक," ती म्हणायची. "तू पऱ्हे सरळ लाव."